पहिला ठोका कुणी ऐकला

६ जानेवारी, सोमवार

नवऱ्याच्या, म्हणजे धनेशच्या, गोडाऊनमधून दरवर्षी डायरी येते आणि दरवर्षी फ्रिजवर धूळ खात पडते. यंदा मीच उचलली. नवरा म्हणाला, "कविता लिहिणार काय?" म्हटलं, कविता नाही, पुरावा लिहिणार. उद्या कुणी म्हणालं की हेमाली तरेचे आकडे चुकले, तर माझ्याकडे तारीखवार काहीतरी हवं.

झालंय असं. आमच्या हॉस्पिटलने एक काम घेतलंय. बीपी मोजायचं एक छोटं डिजिटल मशीन आहे, बटण दाबलं की आकडा येतो. ते लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गल्ल्यांत फिरणाऱ्या आशाताईंना द्यायचं की नाही, हे ठरवायचंय. बारा तासांची शिफ्ट टाकून लूमवरचा माणूस हॉस्पिटलात कशाला येईल? दारात कुणी मोजलं तरच त्याला कळणार. पण मशीन खरं बोलतं का, हे आधी बघायला हवं. म्हणून प्रत्येक माणसाचं बीपी तीनदा मोजायचं: एकदा मी स्टेथोस्कोपने, एकदा पूर्वा स्टेथोस्कोपने, एकदा मशीन. मी काय लिहिलं ते पूर्वाला दिसायचं नाही, तिचं मला नाही. आम्हा दोघींत चारपेक्षा जास्त फरक पडता कामा नये. आम्हीच एकमेकींशी जुळलो नाही, तर मशीनला जोखणार कशावर?

मी एकोणीस वर्षं नर्स आहे. पूर्वा डिसेंबरात लागली, वय सव्वीस, कल्याणहून येते, आणि बोलते इतकी हळू की शब्दांना भाडं पडतं जणू.

आज आठ जण झाले. सहा जणांत फरक चारच्या वर. वरचा आकडा प्रत्येक वेळी तिचाच जास्त. मशीनचाही तसाच जास्त. डॉ. मृणाली मॅडम, ज्यांचं हे सगळं काम आहे, त्या मास्कमागून काहीतरी पुटपुटल्या. मी मान हलवली. पोरीला नीट शिकवा, असंच म्हणाल्या असणार.

८ जानेवारी, बुधवार

वरणाचा कोळसा झाला. कुकरने शिट्टीच दिली नाही. उन्नती अभ्यास टाकून धावत आली, म्हणे, "मम्मी, सात झाल्या!" ही पोरगी कुठलीही गोष्ट फुगवून सांगते. धनेशला नवीन शिट्टी आणायला सांगितली आहे.

हॉस्पिटलात पुन्हा तेच, दहापैकी आठ. आज मी पंखा बंद करायला लावला. पूर्वा अगदी तोंडासमोर येऊन म्हणाली, "ताई, तुम्हाला आवाज नीट येतोय ना?"

म्हटलं, "तुला येत नसेल तर तसं सांग."

तिने पट्टा उचलला आणि पुढच्या पेशंटकडे वळली.

१२ जानेवारी, रविवार

रविवारची सकाळ आमच्या ओटीवर. शेलार गावात हे सगळ्यांना माहीत आहे: रविवारी नऊला हेमाली ओटीवर बसते, दंड पुढे करायचा, बीपी कळतं. चार वर्षं झाली. निळ्या वहीत नाव, तारीख, आकडा. आज अकरा जण आले. माझा नियम साधा आहे. वरचा आकडा एकशे साठच्या पुढे गेला की त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचं, रडा नाहीतर पडा. त्याच्या आत असेल तर मीठ कमी, चालणं जास्त, महिन्याने पुन्हा या.

आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, शेवटी मोजलं. १४६. दिवाळीला मीच डॉक्टरांना वही दाखवून त्यांची गोळी अर्धी करून घेतली होती. गोळीने चक्कर येते म्हणायच्या. आता सकाळचं डोकं दुखतं म्हणतात. म्हटलं, थंडी आहे, कानाला फडकं बांधा.

"तुजा हात लागला का मना बरा वाटतो गो," म्हणाल्या. मग आत जाऊन टीव्ही लावला, इतका बारीक की माणसं नुसती तोंडं हलवताना दिसतात. ही बाई मालिका बघते की मालिकेतल्या साड्या, कुणास ठाऊक. मी जाऊन आवाज वाढवला.

१६ जानेवारी, गुरुवार

मी काही गप्प बसणाऱ्यांतली नाही. आज स्वतःची परीक्षा स्वतः घेतली. बारा पेशंट, प्रत्येकाला पाच मिनिटं बसवून दोनदा मोजलं. पहिल्या वेळचा आकडा कागदाने झाकून ठेवला. शेवटी उघडून बघितलं तर माझा माझ्याशी फरक दोन, शून्य, दोन, दोन, शून्य. एकदाच चार. इतकं पक्कं! मग पूर्वाचा तक्ता मागून घेतला. मला वाटलं होतं, ही पोरगी शून्यावर संपणारे आकडे ठोकत असेल, १३०, १४०, १५०. तसंही निघालं नाही. निमूट मोजते. पण चुकीचं मोजते.

मॅडमना सगळं दाखवलं. मास्क खाली करून म्हणाल्या, "तुम्ही स्वतःशी छान जुळता. पण हेमाली, ते पुरत नाही."

पुरत नाही म्हणजे? एकोणीस वर्षं काय गवत उपटलं मी?

१८ जानेवारी, शनिवार

आज मी जिंकले होते. अर्धा तास.

बेचाळीस पेशंट झाले म्हणून पूर्वाने कॉम्प्युटरवर दोघींचे आकडे घातले आणि त्यातून एक उत्तर काढलं: ०.९६. एक म्हणजे पूर्ण, शून्य म्हणजे काहीच नाही. मी म्हटलं, "हे बघा! शहाण्णव टक्के जुळतंय. कशाला उगीच जिवाला घोर लावलाय सगळ्यांच्या?"

मॅडमनी खुर्ची ओढली, कागद घेतला. "हेमाली, हा आकडा इतकंच सांगतो की ज्याचं तुमच्याकडे जास्त, त्याचं पूर्वाकडेही जास्त. तुम्ही दोघी एकाच रांगेत माणसं उभी करता. पण दोघी तेच लिहिता का, हे तो सांगतच नाही."

मग पूर्वाने दुसरा कागद काढला. प्रत्येक माणसामागे माझा आकडा वजा तिचा आकडा. मध्ये आडवी रेघ, शून्याची. फरक नसेल तर ठिपके त्या रेघेवर आणि तिच्या दोन्ही बाजूंना सांडायला हवेत. इथे बेचाळीसच्या बेचाळीस ठिपके रेघेच्या खाली. सरासरी अकराने मी कमी. कुणात दोनने, कुणात वीसने, पण कमीच.

मला माहेरची आठवण झाली. आमचे आठ लूम होते, घराला लागूनच. कापडाचा ताका बाबा मोजायचे आणि व्यापारी मोजायचा. मोठा ताका दोघांकडे मोठा, लहान तो दोघांकडे लहान. तरी व्यापाऱ्याच्या पट्टीवर प्रत्येक ताका दीड मीटरने आखूड भरायचा. रांग तीच. बाबांनी शेवटी त्याची पट्टी तपासली तेव्हा ती भिंतीवरून उतरली.

म्हणजे मॅडम म्हणतात ते मला समजलं. एक पट्टी खोटी आहे. आता ती कुणाची, ते काढायचं. मी मॅडमना सांगितलं, नर्सिंग कॉलेजातून तो दोघांचा स्टेथोस्कोप मागवा. शिकवायला वापरतात तो: दंडावर ठेवायची चकती एक आणि कानांच्या जोड्या दोन. एकच हात, एकच हवा, एकच वेळ. मग बघू कोण काय ऐकतं.

मॅडमनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्हीच मागताय, तर मागवते." पूर्वाचा चेहरा उतरलेला दिसला. उतरेल नाहीतर काय.

२३ जानेवारी, गुरुवार

जेवले नाही. आधी लिहून काढते.

स्टेथोस्कोप आला. रामनाथ नावाचा लूमवाला होता, रात्रपाळी करून आलेला, पन्नाशीचा. त्याच्या दंडावर पट्टा, चकती मधोमध, एका नळीला मी, दुसरीला पूर्वा. आमच्या दोघींच्या मध्ये पुठ्ठा उभा केला, तोही माझ्याच सांगण्यावरून. पट्ट्यातली हवा मॅडम सोडणार, डायल फक्त मॅडमना दिसणार. पहिला ठोका ऐकू आला की बोट वर करायचं, तो वरचा आकडा. ठोके थांबले की बोट खाली, तो खालचा.

हवा सुटली. मी कान लावून बसले. काही नाही, काही नाही, आणि मग ठक्. बोट वर. मला माझं बोट अगदी वेळेवर वाटलं.

मॅडमनी लिहिलं: पूर्वा १६४, हेमाली १५२. खालचं उलटं: माझं बोट आधी खाली, तिचं नंतर.

म्हटलं, माझ्याकडची नळी फाटकी असणार. नळ्या बदलल्या. पूर्वा १६२, हेमाली १५०. म्हटलं, माझ्या बाजूला खिडकी आहे, रस्त्याचा आवाज येतो. खुर्च्या बदलल्या. तेच. म्हटलं, हात बदला. रामनाथ बिचारा म्हणाला, "सिस्टर, आप दोनों के झगड़े में हमारा हाथ सुन्न हो गया." त्याला चहा पाजला आणि दुसरा माणूस घेतला. मग तिसरा. सहा माणसं झाली. शेवटी मॅडमनी पूर्वाला उठवलं आणि तिची नळी स्वतःच्या कानात घातली, डायल पूर्वाला दिला. मॅडमचं बोट १५८ वर. माझं १४६ वर.

नळी बदलली, खुर्ची बदलली, हात बदलला, माणूस बदलला, बाजूला बसणारी बदलली. बदलली नाही ती एकटी मी.

मी स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला आणि उगीच पट्टा गुंडाळत बसले. समोर रामनाथ अजून चहाचा रिकामा कप घेऊन बसला होता. त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, मग माझ्याकडे, मग पुन्हा मागे. मी वळले. मॅडम दाराशी उभ्या होत्या, मास्क लावून.

"मॅडमनी तीन वेळा हाक मारली तुम्हाला," पूर्वा म्हणाली. ते मला कळलं, कारण ती माझ्यासमोर येऊन उभी होती.

२४ जानेवारी, शुक्रवार

रजा टाकली. दिवसभर साचलेल्या चादरी धुतल्या.

२६ जानेवारी, रविवार

ओटीवर बसले नाही. दाराला आतून कडी घातली आणि उन्नतीला सांगितलं, कुणी आलं तर मम्मी ठाण्याला गेलीय म्हणून सांग. पोरीने सांगितलं. नऊ जण परत गेले, मी पडद्याआडून मोजले. असा भेकडपणा मी आयुष्यात केला नव्हता.

२७ जानेवारी, सोमवार

कानाच्या डॉक्टरांकडे गेले, मॅडमनीच वेळ घेऊन दिली होती. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. मी बरीच बटणं दाबली, त्यामुळे मला वाटलं पास झाले. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी कागद दाखवला. बारीक आवाज दोन्ही कानांतून गेलेत, ते लूममुळे. आणि भारी, जड आवाजसुद्धा कमी झालेत, कारण डाव्या पडद्याला जुनं भोक आहे आणि उजवा ताणलाय. लहानपणी माझे कान वाहायचे, आई लसणाचं तेल घालायची. बीपीचा ठोका हा असाच जड, दबका आवाज. सुरुवातीचे ठोके फार हळू असतात. ते माझ्यापर्यंत पोचतच नाहीत. जोर आला की मला ऐकू येतात, तोवर काटा खाली गेलेला.

मी म्हटलं, "पण डॉक्टर, मी तर तुमचं सगळं ऐकतेय."

त्यांनी फाईल तोंडासमोर धरली. मला कळलं की ते काहीतरी विचारतायत, कारण फाईल हलत होती.

आमच्या घरात सगळेच असं बोलायचे. आठ लूम चालू असताना कुणाचा आवाज कुणाला पोचणार? आई मधल्या दारातून नुसते ओठ हलवायची आणि आम्ही चौघं भावंडं जेवायला हजर. मला ती सवय वाटायची. माझं अर्धं ऐकणं डोळ्यांनी चाललं होतं, आणि स्टेथोस्कोपला ओठ नसतात.

रडले. रिक्षात रडले, इतकी की रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून बघितलं.

२८ जानेवारी, मंगळवार

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मास्क काढला, दिव्याखाली बसल्या. खूप चांगल्या वागल्या, आणि मला चांगुलपणाच नको होता.

म्हणाल्या, "तुमच्या बेचाळीस नोंदी रद्द करू. दुसरी नर्स घेऊ आणि नियमाप्रमाणे लागतात ती ८५ माणसं पहिल्यापासून मोजू. अहवालात 'एक निरीक्षक बदलला' एवढंच लिहिलं तरी चालेल. कारण लिहायची सक्ती नाही. कुणाला काही कळणार नाही."

म्हटलं, "कारण लिहा. नाहीतर उद्या कुणाला वाटेल, मशीन जास्त दाखवत होतं म्हणून आपण माणूस बदलला. मशीनवरच संशय राहील. मशीन बरोबर होतं, मी चुकत होते. माझ्या सहीने लिहा."

"नक्की?"

"नक्की. आणि दुसरी नर्स घ्याल, तिचे कान आधी तपासा. आशाताईंना शिकवायला घ्याल, त्यांचेही. माणूस कसं मोजतो ते सगळे बघतात, त्याला ऐकू येतं का हे कुणी विचारत नाही."

मग मी निळ्या वहीचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या की ती घरची वही आहे, हॉस्पिटलचा तिच्याशी संबंध नाही, मला कुणी विचारणार नाही. ते खरंच आहे. मला कुणी विचारणार नाही.

बाहेर पूर्वा उभी होती. म्हटलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्या आठवड्यात, ताई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चिडला असता."

"चिडले असतेच! कानाखाली आवाज काढला असता. पण तरी बोलायचं." मग म्हटलं, "रविवारी शेलारला येशील? मशीन घेऊन. वहीत त्रेसष्ट नावं आहेत. सगळी परत मोजायची."

येईन म्हणाली. मोठ्याने म्हणाली.

२९ जानेवारी, बुधवार

मॅडमना विचारून मशीन घरी आणलं. आईंना बसवलं. १६२. पाच मिनिटांनी पुन्हा, १६४. मी वहीत १४६ लिहिलं होतं आणि कानाला फडकं बांधा म्हटलं होतं.

सांगून टाकलं. "आई, मला कमी ऐकू येतं. तुमची गोळी मी चुकून अर्धी करायला लावली."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काही जगावेगळं बोललेच नाही. "कमी ऐकू येतं ता मना कवापासून म्हाईत हाय. आख्ख्या आळीला म्हाईत हाय. म्हनून तं सगली तुज्या तोंडाकडं बगून बोलतान."

"अहो, मग माझ्याकडून बीपी कशाला मोजून घेत होतात?"

"आता त्यात ऐकाचा काय हाय?"

"म्हणजे? मी कानात नळ्या घालते त्या काय शोभेला?"

"आमाला काय म्हाईत गो! आमाला वाटला हातानंच कलतं तुला. हात दाबून धरतेस नं."

चार वर्षं अख्खं गाव माझ्या कानात नळ्या बघत होतं आणि सगळ्यांना वाटत होतं की बोटांनी कळतं. मला आधी हसू आलं, मग राग आला, कुणाचा ते कळेना. संध्याकाळी आईंना डॉक्टरकडे नेलं, गोळी पूर्ण झाली. वाटेत त्या माझा हात धरून चालल्या. मीच सोडवला, मला ते सोसेना.

१ फेब्रुवारी, शनिवार

शेजारी माघी गणपती बसलाय. आरतीला सगळे गेलेत, उन्नती तेवढी घरी; मी निळी वही घेऊन बसले आणि नावं वेगळ्या कागदावर उतरवली. गोळी घेणारे एका बाजूला, न घेणारे दुसऱ्या. ज्यांचा मी लिहिलेला आकडा १४० ते १६० मध्ये आहे, त्यांच्यापुढे लाल खूण: हेच सगळ्यांत आधी. एकवीस निघाले.

बाविसावं नाव लिहिता लिहिता थांबले. वासंती अनंता म्हात्रे, २२ सप्टेंबर, १४६. पुढे माझ्याच अक्षरात: मीठ कमी, महिन्याने पुन्हा.

ती महिन्याने आली नाही. नोव्हेंबरात चुलीपाशी कोसळली. मेंदूत रक्तस्राव. तिसऱ्या दिवशी गेली. मी दहाव्याला जाऊन आले होते, अनंताभाऊंसाठी डबा घेऊन गेले होते.

पूर्वाला फोन केला, उन्नतीला स्पीकरशेजारी बसवलं. विचारलं, १४६ मध्ये अकरा मिळवले तर खरा आकडा येईल ना? १५७? म्हणजे एकशे साठच्या आतच? पूर्वा बराच वेळ बोलली, उन्नतीने मला तोंडाने सांगितलं. अकरा ही सगळ्यांची सरासरी. एका माणसाचं तसं काढता येत नाही. शंभरातल्या पंच्याण्णव जणांत फरक दोन ते वीसच्या मध्ये कुठेही पडेल. म्हणजे वासंतीवहिनींचं १४८ असेल, १६६ही असेल. माझा एकशे साठचा नियम बरोबर त्याच्या मधोमध येतो.

म्हणजे मी तिला पाठवायला हवं होतं की नाही, हे मला कधीही कळणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

नऊ वाजता ओटीवर तेवीस-चोवीस माणसं. मी उभी राहिले आणि सांगितलं. "मला कमी ऐकू येतं. माझ्याकडून तुमचं बीपी कमी लिहिलं गेलं. आजपासून मी मोजणार नाही, ही पूर्वा आणि हे मशीन मोजेल. आधी मोजलेलं सगळं रद्द."

मग मागून एक बाई म्हणाली (ती म्हणाली ते आईंनी मला ओठांनी सांगितलं), "मग इतकी वर्सा काय ऐकत व्हतीस गो?"

"जेवढं येत होतं तेवढं," मी म्हटलं. "पुरेसं वाटायचं."

चौघं उठून गेली. एक म्हातारे तर जाताना चांगलेच बडबडले आणि त्यांचं बरोबर होतं. मग आई पुढे येऊन खुर्चीत बसल्या, पदर खांद्यावर सारला आणि पूर्वाला म्हणाल्या, "लाव गो पोरी." त्यानंतर रांग लागली. एकोणीस झाले. पाच जण एकशे साठच्या वर. पाचही जण दुपारच्या आत डॉक्टरकडे गेले. तिघांना मी स्वतः रिक्षात घालून नेलं.

अनंताभाऊ आले नव्हते.

९ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर संध्याकाळी मी आणि पूर्वा घरोघर फिरलो. एकोणसाठ झाले. तीन जण गावातच नाहीत, राहनाळला मुलांकडे गेलेत, त्यांचे नंबर घेतले. ही झाली बासष्ट आणि एक. वासंतीवहिनींचं नाव मी कागदावरून काढलेलं नाही.

आज सकाळी ओटी रिकामी झाली तेव्हा अनंताभाऊ आले. त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं असणार. चप्पल काढली नाही. खाली अंगणातच उभे राहिले.

"वासंतीचं तू मोजलं व्हतंस."

"हो."

"किती व्हतं?"

मी वही आणली आणि पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. "मी १४६ लिहिलंय."

"ते लिवलंस. व्हतं किती?"

मला खोटं बोलता आलं असतं. १५० म्हटलं असतं तर त्यांना झोप लागली असती, मलाही कदाचित. धनेश दारात उभा होता, तो नजरेने सांगत होता, सोड, घरात चल.

"मला माहीत नाही, भाऊ," मी म्हटलं. "१४८ असेल, १६६ असेल. मधलं काहीही. १६० च्या वर असतं तर मी त्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं. खाली असतं तर नेलं नसतं. आता ते कुणालाच काढता येणार नाही. मी विचारून बघितलं."

ते वहीवर वाकले. त्यांना वाचता येतं. त्यांनी माझं "मीठ कमी" वाचलं, त्यावर अंगठा ठेवला.

"ती मीठ टाकतच नव्हती त्या दिसापासनं," म्हणाले. "माझ्यासुद्धा भाजीत."

माफी मागावीशी वाटली आणि तोंडात आली नाही, कारण त्या अंगठ्यापुढे ती फारच लहान होती. मग मागितली तरी. "मला माफ करा," म्हटलं.

त्यांनी चप्पल काढली, ओटीवर चढले, खुर्चीत बसले आणि सदऱ्याची बाही वर केली. मी सवयीने पट्ट्याकडे हात नेला.

"तू नको," ते म्हणाले. "ती पोरगी."

मी हात मागे घेतला. पूर्वाने पट्टा बांधला, बटण दाबलं. मी वही उघडून पेन घेतलं आणि पूर्वाच्या मागे उभी राहिले, तिचा चेहरा मला दिसत नव्हता. मशीन भरलं, रिकामं झालं. तिची मान थोडी हलली, म्हणजे तिने आकडा सांगितला असणार. मी अंदाजाने काहीतरी लिहू शकले असते. एकोणीस वर्षं मी कुणाला हे वाक्य म्हटलं नव्हतं.

"पूर्वा," मी म्हटलं, "मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांग."